अर्धा कोयता आणि पायमशीन

दसरा झाला की भूम, परंडा, वाशी आणि शेजारच्या पाटोदा-जामखेडच्या वाड्यावस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत आधी सरपण, पत्र्याची पेटी आणि वाकळा चढतात, मग भांडी, पिठाचा डबा, कोंबड्यांचं खुराडं. एखादी शेळीही बांधली जाते. सगळ्यात शेवटी माणसं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे निघतं, कुणी साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने घर म्हणजे कारखान्याच्या हद्दीतली पाचटाची कोपी. पाडव्याच्या मागेपुढे कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, आणि माणसं परततात. तोवर गावात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुलपं.

भूम हा बालाघाटाच्या रांगेवरचा तालुका. पाऊस बेभरवशाचा, जमीन मुरमाड. ज्वारी-तुरीवर भागत नाही म्हणून लोकांनी दुधाला हात घातला आणि भूमचं नाव खव्यासाठी झालं. जैनांचं सिद्धक्षेत्र असलेलं कुंथलगिरी याच तालुक्यात, आणि तिथल्या खव्याला अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण ज्याच्या दावणीला म्हैस नाही आणि ज्याच्या विहिरीला पाणी नाही, त्याच्याकडे उरतो तो कोयता.

कोयता म्हणजे हत्यार, हे सगळ्यांना माहीत आहे. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे. तिथे एक कोयता म्हणजे एक जोडी, नवरा आणि बायको. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा उभा करत नाही. ऊस तोडायला एक जण, पाचट काढून मोळी बांधायला आणि ती डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायला दुसरं, अशी ही कामाची वाटणी. तिच्यातली बाई गाळली तर सगळा हिशेबच कोलमडतो. जोडी लागते म्हणून या पट्ट्यात पोरींची लग्नंही लवकर उरकली जातात.

या जोडीला हंगामाआधी आगाऊ रक्कम मिळते, तिला उचल म्हणतात. पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, कधी त्याहून जास्त. ती खात्यावर पडत नाही, मुकादमाच्या हातून घरधन्याच्या हातात जाते. बाईच्या नावाची मजुरी असा प्रकार या व्यवहारात नसतोच. तिची मेहनत जोडीच्या टनात विरघळते.

थोडी आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. चांगली चालणारी जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते. एक लाखाची उचल फेडायची तर सुमारे २७३ टन तोडायला हवेत, म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस. साडेचार महिने. गाळपाचा हंगाम साधारण तेवढाच असतो. म्हणजे दसऱ्यानंतर गेलेली जोडी पाडव्याला घरी येते तेव्हा तिचं घेणं-देणं कसंबसं शून्यावर आलेलं असतं. मधे कुणी आजारी पडलं, पावसाने फड बंद राहिला, गाडी फडात अडकली, की उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते.

बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. भाकरी थापायच्या, पाणी आणायचं, लेकरू पाठीशी घेऊन फडात जायचं. संडास नाही, न्हाणी नाही. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, कारण खाड्याचा दंड लागतो. या सगळ्याचा अर्थ महाराष्ट्राला २०१९ मध्ये नीट कळला. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या आल्या आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झाली ८२,३०९ महिलांची. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एकीचं. पाहणी बीडची होती, पण भूमच्या शिवेला लागूनच पाटोदा आहे, मुकादम तेच आहेत आणि कारखानेही तेच.

यातून बाईला बाहेर काढायचं तर काय शिकवायचं, असा प्रश्न आला की सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं ते शिवणकाम.

हे उत्तर आजचं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळात घराबाहेर पडलेल्या मुलींवर दलालांची नजर होती. अशा मुलींना त्यांनी दौंडजवळच्या केडगावला आणलं, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं आणि शिवण, विणकाम, छपाई असे हातउद्योग सुरू झाले. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढलं, तिथेही शिवणाचे वर्ग होते. दुष्काळ, दलाल आणि शिवणाचं मशीन हे त्रिकूट मराठी मुलखात सव्वाशे वर्षं जुनं आहे. सरकारने १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, काढलं, २०११ मध्ये बचत गटांचं ‘उमेद’ अभियान आलं, २०२३ मध्ये ग्रामीण कौशल्य केंद्रं आली. प्रशिक्षणाच्या यादीत ब्यूटी पार्लर आणि संगणकाची भर पडली, पण शिवणवर्ग कुठूनच हलला नाही.

त्याला कारणही आहे. मशीन घरात मावतं. बाई दाराआड बसून कमावते, म्हणून सासरचे कुरकुरत नाहीत. शिवाय या भागातल्या बाईच्या हाती सुई आधीपासूनच असते. जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोऱ्याने वाकळ शिवणं तिला कुणी शिकवावं लागत नाही.

वाकळ येते म्हणून मशीन येतं असं मात्र नाही. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही शिवणवर्गात पहिल्या आठवड्यात डोकावलं तर गंमत दिसते. मशीनवर ना दोरा असतो ना कापड. नुसते पाय चालवायचे. टाच आणि चवडा यांचा मेळ बसेपर्यंत चाक उलटं फिरतं, आणि उलटं फिरलं की पुढे दोरा ओवल्यावर तो हमखास तुटतो. पाय स्थिरावले की रेघी वहीचा कागद सुईखाली धरायचा. दोऱ्याशिवाय सुई रेघेवरून न्यायची, कागदाला भोकांची ओळ पडते. ओळ वाकडी गेली की दुसरा कागद. मग सरळ शिलाई, मग झबलं-टोपडं, सहा कळ्यांचा परकर, आणि सगळ्यात शेवटी ब्लाऊज.

ब्लाऊज ही खरी परीक्षा. छातीच्या मापाचा चौथा भाग घ्यायचा, त्यात शिलाईचं सोडायचं, मुंढा गोल काढायचा, टक्स बरोबर जागी घ्यायचे. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला भागाकार येत नाही, पण तिला त्याची गरजही पडत नाही. ३६ वर बोट ठेवून टेपची दोनदा घडी घातली की नऊ इंच हातात येतात. वर्तमानपत्रावर आखून कापलेले असे कागदी ब्लाऊज भिंतीवर टाचणीने लावलेले असतात. कठीण जातं ते वेगळंच. पाचटाने चिरलेल्या, मोळ्या ओढून घट्टे पडलेल्या बोटांना सुईच्या नाकात दोरा घालणं जमत नाही. तेवढ्यासाठी शेजारच्या मशीनवरच्या पोरीला हाक मारावी लागते.

तीन महिन्यांत हे सगळं बऱ्यापैकी येतं. कौशल्य शिकवणं हा या गोष्टीतला सोपा भाग आहे, आणि नेमका त्याच भागावर सगळ्या योजनांचा जीव.

अवघड भाग पंचांगात आहे. शिंप्याची सुगी दिवाळीला सुरू होते. पाठोपाठ तुळशीचं लग्न, मग लग्नसराई, उन्हाळ्यापर्यंत. ऊसतोडीचा हंगामही नेमका तोच. ऊसतोड बाई गावात असते ती पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत, वर्ग तिला जमतो तो आषाढ-श्रावणात, आणि हात बसला न बसला तोच ट्रॅक्टर येतो. ती परतते तेव्हा लग्नसराईचा शेवटचा टप्पा तेवढा उरलेला असतो. आयटीआयचा वर्षभराचा शिवण अभ्यासक्रम तिच्यासाठी असून नसल्यासारखा, कारण अर्ध्यावर तिला फडात जावं लागतं. घरीच राहिली तर मशीन चालेल, आणि मशीन चाललं तरच ती घरी राहू शकेल. हा तिढा शिवणवर्गातल्या बाईंना सोडवता येत नाही.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. धरा, गावात अस्तराच्या ब्लाऊजला दोनशे रुपये शिलाई मिळते. लाखाच्या उचलीतला अर्धा वाटा बाईचा मानला तर पन्नास हजार, म्हणजे अडीचशे ब्लाऊज. पाच महिन्यांत रोजचे दोन सुद्धा नाहीत. हाताला हे मुळीच अवघड नाही. पण शिवून घेणार कोण? ज्या बायकांनी ब्लाऊज शिवायला टाकायचे, त्या सगळ्या कोल्हापूर-सांगलीच्या फडात आहेत. मागे उरलेल्या म्हाताऱ्या नऊवारीवर खणाची चोळी घालतात आणि ती वर्षाला एक पुरवतात. त्यात एकाच गावात तीन वर्षांत तीन तुकड्या शिकवून निघाल्या की दर वस्तीवर चार मशिनं होतात आणि शिलाई दोनशेवरून दीडशेवर येते. प्रशिक्षणाच्या अहवालात मात्र लाभार्थ्यांची संख्या वाढलेली दिसते.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती सगळ्यात बोचरी. मुकादम लाख रुपये एकरकमी देतो. कागद नाही, तारण नाही, तिसऱ्या खेपेला या असं म्हणत नाही. लग्न, दवाखाना, बोअर, पोराची फी, सगळं त्या पैशात निभतं. महाराष्ट्रात बचत गटाला फिरता निधी मिळतो तो तीस हजार, तोही अख्ख्या गटाला. गटात दहा जणी असतील तर एकीच्या वाट्याला तीन हजार. केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने पहिलं एक लाखाचं कर्ज, अशी तिची रचना आहे. गावोगावी तिचं नाव ‘फुकट मशीनची योजना’ असंच पडलं. योजना वाईट नाही. पण ती आधीपासून धंदा करणाऱ्या कारागिरासाठी आहे, आणि ऊस तोडणाऱ्या बाईला आपण कारागीर आहोत हे कागदावर दाखवायचं कसं, इथूनच सुरुवात होते.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. हप्त्यावर वस्तू विकण्याची रीत जगात ज्यांनी रुजवली त्यांत शिवणयंत्रवाली सिंगर कंपनी अग्रभागी होती, १८५० च्या दशकात. यंत्र एवढं महाग, की रोखीने घेणारा विरळा. तेव्हा मशीन आधी घरात आलं आणि पैसे मागाहून, त्याच मशीनवर कमावून फिटले. उधारीवर माणूस कायमचा बांधला जातो असं काही नाही. बांधला जातो तो उधार देणाऱ्याने फेडीचं काम, जागा आणि दर तिन्ही स्वतःच ठरवले की.

मग गिऱ्हाईक आणायचं कुठून? सरकारकडून, असं एक उत्तर २०२४ मध्ये आलं. ‘एक राज्य, एक गणवेश’ ठरलं. कापडाची खरेदी वरून, शिलाई महिलांच्या बचत गटांकडून. एक गणवेश माविममार्फत, आणि दुसरा, स्काऊट-गाईडचा, शाळा व्यवस्थापन समितीने स्थानिक गटाकडून शिवून घ्यायचा. त्याला शिलाई १०० रुपये आणि वरखर्च १० रुपये. कागदावर यापेक्षा चांगली कल्पना नाही: गावची पोरं, गावच्या बायका, जूनचा मुहूर्त, म्हणजे नेमका ऊसतोड बाई घरी असण्याचा काळ. प्रत्यक्षात कापड वेळेवर पोचलं नाही, शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक ठिकाणी पोरं जुन्याच कपड्यांत होती, आलेल्यांतले कित्येक गणवेश आखूड नाहीतर ढगळ. शंभर रुपयांत शर्ट-पँट परवडत नाही म्हणून काही गटांनी काम नाकारलं. ओरड झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे सोपवला.

दोष बायकांच्या शिलाईवर टाकून विषय संपवला गेला. हे काही बरोबर झालं नाही. तीन महिने ब्लाऊज शिकलेल्या बाईला अचानक शेकड्याने हाफ पँट शिवायला दिल्या तर काय होणार? ब्लाऊज हे एका अंगाचं काम. गणवेशाचं काम साखळीचं असतं, एक जण कॉलर करते, दुसरी बाही जोडते, तिसरी काज-बटण, चौथी ओव्हरलॉक. त्याला मोटरची मशिनं, एकत्र बसायला शेड आणि कापड बेतणारा जाणता मास्तर लागतो. शिवणवर्गात यातलं काहीच शिकवलेलं नसतं.

हे सगळं शिकलेलं शहर फार लांब नाही. बार्शीमार्गे सोलापूर भूमहून शंभरेक किलोमीटर. चादरी आणि टॉवेलांच्या या गावाने गणवेशाच्या धंद्यात पाय रोवलेत. २०१७ मध्ये तिथल्या रेडिमेड कापड उत्पादकांनी गणवेशांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि आज देशभरातल्या शाळांचे शर्ट सोलापुरात शिवले जातात. कारखानदार माणसं मिळत नाहीत म्हणतात, आणि इकडे भूमच्या बायका ट्रॉलीत चढतात. सोलापूरचं कापलेलं कापड भूमपर्यंत आणून, शिवून परत पाठवायची सोय झाली, एखाद्या शेडमध्ये तीस मशिनं बसली, तर गावात गिऱ्हाईक नसल्याची अडचण सुटते.

मात्र इथेही डोळे उघडे ठेवलेले बरे. नगावर शिलाई, घरबसल्या काम, दर दलालाचा, माल नापास झाला तर पैसे कापले, ही पिळवणूकसुद्धा शिवणाच्या धंद्यात जुनीच आहे. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला, भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. मुकादम जाऊन त्याच्या जागी कापडाचा दलाल आला, तर फक्त कोपी सुटली, एवढंच म्हणता येईल. अर्थात कोपी सुटणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. आई गावात राहिली की पोरांची शाळा सुटत नाही.

शिलाई मशीन म्हणजे सुटका, या समजुतीला महाराष्ट्रातूनच खणखणीत विरोधही झालेला आहे. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या आधाराने १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. पुनर्वसन म्हटलं की प्रत्येक वेळी आमच्यापुढे शिलाई मशीनच का ठेवता, असा या चळवळीतल्या बायकांचा सवाल होता. त्यावर घर चालतं का, पोरांच्या फिया निघतात का, हे कुणी मोजलं का? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या पुनर्वसनासाठी समिती नेमली, तिची सुरुवात व्यवसाय प्रशिक्षणाच्या विचारापासूनच झाली होती. मे २०२२ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाने दिलेले निर्देश मात्र या महिलांना माणूस म्हणून सन्मानाने वागवा, पोलिसांनी छळू नये, यावर भर देणारे होते. अकरा वर्षांत चर्चा मशीनवरून हक्कांवर आली. ऊसतोड बाईच्या बाबतीत ती अजून मशीनवरच आहे. तिच्या नावाने वेगळी मजुरी, तिच्या खात्यावर उचलीतला तिचा वाटा, फडाजवळ संडास, बाळंतपणाची रजा, यांबद्दल गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे मागण्या पडून आहेत, आणि संघटना त्या पुन्हा पुन्हा लावून धरत आहेत.

वेळही फार उरलेला नाही. २०२३ मध्ये राज्याने ९०० ऊसतोडणी यंत्रांना अनुदान द्यायचं ठरवलं, एका यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाख. मजुरांची टंचाई आहे आणि कारखान्यांना घाई आहे. बाईने कोयता सोडायचा की नाही हा वाद आपण घालत असताना कोयताच तिला सोडून जाईल, अशी चिन्हं आहेत. तोडणी यंत्राच्या मालकाला ३५ लाखांपर्यंत मिळतात आणि त्या यंत्राने काम हिरावलेल्या बाईच्या हाती पंधरा हजारांचं अवजार, हा हिशेब भूमच्या कुठल्याही शिवणवर्गातली बाई टेपची घडी न घालता करू शकेल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडतात. अलीकडे ऊसतोड्यांच्या काही घरांत पाटावर कोयते असतात आणि शेजारी पायमशीन, त्याच्या चाकाला झेंडूची माळ. हळदीकुंकू दोघांनाही लागतं. मग कोयत्यांना गोणपाटात गुंडाळतात, मशीनवर जुनं लुगडं टाकून ते कोपऱ्यात सरकवतात, आणि बाई ट्रॉलीत टाकायच्या वाकळा मोजायला घेते.